साध्या मजकुरातला तक्ता हळू का चालतो?

साठ सदनिकांच्या आमच्या सोसायटीचा जमाखर्च मी ईमॅक्स या मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, त्यातल्या ऑर्ग मोड या सोयीच्या तक्त्यात ठेवतो. एप्रिलमध्ये तक्ता कोरा असतो आणि सगळं झटपट होतं. दिवाळीच्या सुमारास टॅब दाबल्यावर कर्सर पुढच्या रकान्यात जायला क्षणभर अडतो. मार्च उजाडतो, हिशेब तपासनिसांकडे द्यायची वेळ येते, आणि नेमकं तेव्हा एक आकडा दुरुस्त करून बेरजा ताज्या करायला सांगितल्या की स्क्रीन गोठून जातो. साठ सदनिका गुणिले बारा महिने म्हणजे ७२० ओळी. एक्सेलमध्ये एका पानावर १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ रकाने मावतात. मग ७२० ओळींनी ईमॅक्सची दमछाक का व्हावी?

आधी मला वाटलं संगणक जुना झाला. नवा आला, थोडा फरक पडला, पण दुखणं तेच राहिलं. शेवटी बसून ऑर्गचं तक्त्याचं काम आतून कसं चालतं ते वाचलं आणि मग उलगडा झाला. तो इथे सांगतो. ईमॅक्स वापरत नसलात तरी हरकत नाही. कागदावर जमाखर्च लिहिलेला असेल किंवा आईवडिलांना लिहिताना पाहिलं असेल, तर यातलं बहुतेक ओळखीचं वाटेल.

ईमॅक्स हा फार जुना एडिटर आहे. त्याचा जन्म १९७६ सालचा, एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतला. आज आपण वापरतो तो ग्नू ईमॅक्स १९८५पासूनचा. त्यातला ऑर्ग मोड कार्स्टन डॉमिनिक या अॅमस्टरडॅमच्या खगोलशास्त्रज्ञाने २००३मध्ये स्वतःची टिपणं आणि कामं नीट लावण्यासाठी लिहायला घेतला, आणि २००७पासून तो ईमॅक्सबरोबरच येतो. त्यात टिपणं, कामांच्या याद्या, कार्यक्रमपत्रिका आणि तक्ते हे सगळं एकाच साध्या फाइलमध्ये असतं. तक्ता म्हणजे काय, तर उभ्या रेघेच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी. दोन उभ्या रेघांच्या मध्ये जे काही असेल ते एक घर. तक्त्याच्या खाली एका खास ओळीत सूत्रं लिहायची, त्या ओळीवर कंट्रोल-सी दोनदा दाबायचं, की बेरजा भरल्या जातात.

ही फाइल पंचवीस वर्षांनी कुठल्याही संगणकावर उघडेल. नोटपॅडमध्ये उघडली तरी तक्ता तक्त्यासारखाच दिसेल. सोसायटीचा पुढचा सेक्रेटरी कुठलंही सॉफ्टवेअर वापरणारा असो, त्याला माझा हिशेब वाचता येईल. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, आणि म्हणून हळूपणा सोसूनही मी हा मार्ग सोडलेला नाही. पण तो हळूपणा येतो तो याच गुणातून, हेही समजून घ्यायला हवं.

तक्ता आहे कुठे?

एक्सेलमध्ये तुम्ही तक्ता उघडता तेव्हा तो स्मृतीत घराघरांनी मांडलेला असतो. तिसऱ्या रकान्यातलं पाचशेवं घर हवं असेल तर प्रोग्रॅम थेट तिथे पोचतो. त्या घरात ४५० ही संख्या म्हणूनच साठवलेली असते. शिवाय कुठलं घर कुठल्या घरांवर अवलंबून आहे याचं एक जाळं एक्सेल सतत जवळ बाळगतो. एक आकडा बदलला की त्या जाळ्यातून वाट काढत फक्त बाधित घरंच पुन्हा मोजतो.

ऑर्गमध्ये यातलं काहीच नसतं. फाइलमध्ये फक्त अक्षरं आहेत. आपल्याला दिसतो तो तक्ता, पण एडिटरच्या लेखी ती उभ्या रेघा, मोकळ्या जागा आणि अंकांची एक लांबच लांब माळ असते. पाचशेव्या ओळीतलं तिसरं घर हवं असेल तर त्या ओळीवर जायचं, ओळीच्या सुरुवातीपासून उभ्या रेघा मोजायच्या, तिसरं घर सापडलं की त्यातली अक्षरं उचलायची, कडेच्या मोकळ्या जागा छाटायच्या, आणि मग ही अक्षरं म्हणजे संख्या आहे का ते बघायचं. प्रत्येक घरासाठी हे सगळं, प्रत्येक वेळी.

कपाटात खणावार लावलेल्या पावत्या आणि एकाच दोऱ्यात ओवलेल्या पावत्या यात जो फरक, तोच हा.

त्यामुळे जी दोन कामं आपण सर्रास करतो ती ऑर्गला जड जातात. पहिलं म्हणजे तक्ता सरळ रेषेत ठेवणं आणि दुसरं म्हणजे सूत्रं चालवणं. दोन्हींची दुखणी वेगळी आहेत.

एका घरासाठी सगळा तक्ता

समजा पाणीपट्टीच्या रकान्यात तुम्ही ४५० ऐवजी ४५०० लिहिलंत आणि टॅब दाबला. तुमच्या दृष्टीने एक शून्य वाढलं. ऑर्गला मात्र आता ठरवायचं आहे की रकाना रुंद करायला हवा का. रकान्याची रुंदी म्हणजे त्यातल्या सर्वांत रुंद घराची रुंदी, आणि सर्वांत रुंद घर कोणतं हे प्रत्येक घर मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणून तो तक्त्याच्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत जातो. ७२० ओळी आणि ८ रकाने म्हणजे ५,७६० घरं. शिवाय रकान्यातल्या भरलेल्या घरांपैकी किमान निम्म्या घरांत संख्या असतील तर तो रकाना उजवीकडे टेकवायचा अशी त्याची रीत आहे. म्हणजे प्रत्येक घरातला मजकूर संख्येसारखा दिसतो का, हेही तपासणं आलं.

एवढं झाल्यावर ओळी नव्याने जुळवायच्या. नव्या आवृत्त्यांमध्ये एक शहाणपण केलेलं आहे: जी ओळ जशीच्या तशी राहणार आहे तिला हात लावत नाहीत. पण ती तशीच राहणार आहे हे कळायला आधी ती वाचून, मोजून, मनात रचून बघावीच लागते. आणि रकाना खरोखरच एका अक्षराने रुंद झाला, तर सगळ्याच्या सगळ्या ७२० ओळी बदलतात. हे बदल 'अनडू'च्या नोंदीतही जातात. दरम्यान जी हजारो छोटी अक्षरमाळांची खरकटी तयार होतात ती ईमॅक्सला मधूनमधून उचलावी लागतात. ठरलेल्या सेटिंगप्रमाणे दर ८,००,००० बाइट नवी स्मृती वापरली की ही झाडलोट व्हायची वेळ येते, आणि ती चालू असताना बाकी सगळं थांबतं. टंकलेखन करताना मधेच बसणारा तो हिसका पुष्कळदा हाच असतो.

ईमॅक्स मजकूर कसा ठेवतो हेही इथे सांगायला हवं, कारण ती युक्ती मला फार आवडते. सगळा मजकूर सलग ठेवलेला असतो, पण जिथे तुम्ही लिहीत असता तिथे एक रिकामी फट असते. तिथे अक्षरं घातली की फट तेवढी कमी होते, बाकी काहीच सरकवावं लागत नाही. वहीत चालू नोंदीखाली चार कोऱ्या ओळी सोडून ठेवाव्यात तसं. माणूस एका जागी बसून लिहितो, हे ओळखून केलेली ही रचना आहे आणि त्या कामासाठी ती उत्तमच आहे. पण तक्ता जुळवताना ७२० ठिकाणी लिहायचं असतं, म्हणजे ती फट ओळीओळीने खाली सरकवत न्यायची. एकेक पाऊल छोटंच असतं, पण रचनेमागचा हिशेब वेगळा होता हे लक्षात येतं.

यावरचा उपाय सोपा आहे आणि तो पुष्कळांना माहीत नसतो. घरात काही बदल झाला असेल तरच टॅबमुळे तक्ता पुन्हा जुळवला जातो. नुसतं फिरताना नाही. आणि हे आपोआप जुळवणं एका सेटिंगने बंदही करता येतं. ते बंद करून मी नोंदी भरभर करत जातो. रेघा वाकड्यातिकड्या दिसतात, दिसू देत. नोंदी संपल्या की कंट्रोल-सी दोनदा दाबून एकदाच जुळवतो. तीस नोंदींमागे तीस वेळा तक्ता वाचला जायचा, तो आता एकदा वाचला जातो.

लांबलचक शेऱ्यांचा रकाना आखडून ठेवायची एक सोय ऑर्गमध्ये आहे. ती दिसायला छान असली तरी मोठ्या तक्त्यात जपून वापरावी. आखडलेल्या प्रत्येक घरावर ईमॅक्स एक वेगळं पारदर्शक आवरण चढवतो. दोन रकाने आखडले की आपल्या तक्त्यात जवळजवळ दीड हजार आवरणं झाली. जुन्या ईमॅक्समध्ये ही आवरणं एका साध्या यादीत ठेवलेली असत आणि ती वाढली की सगळंच रेंगाळायचं. २०२३मध्ये आलेल्या २९व्या आवृत्तीत ही व्यवस्था मुळापासून बदलली. तुमचा ईमॅक्स त्याहून जुना असेल तर केवळ तो अद्ययावत करूनही फरक जाणवेल.

आपल्या लिपीचा वेगळा भार

मराठीत तक्ता ठेवणाऱ्यांना आणखी एक गोष्ट भोवते आणि तिच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

रुंदी मोजायची म्हणजे अक्षरं मोजायची, हे इंग्रजीत चालून जातं. समान रुंदीचा फॉन्ट असला की पाच अक्षरं म्हणजे पाच अक्षरांची जागा. आता 'पाणीपट्टी' हा शब्द घ्या. संगणकाच्या दृष्टीने तो नऊ चिन्हांचा आहे: प, काना, ण, वेलांटी, प, ट, हलन्त, ट, वेलांटी. आपल्याला दिसतात चार अक्षरं. 'स्त्री' मध्ये सहा चिन्हं आहेत आणि दिसतं एकच जोडाक्षर. पडद्यावर ते किती जागा घेईल हे फॉन्ट ठरवतो, आणि ते कळायला अक्षरांची जुळणी प्रत्यक्ष करून बघावी लागते. २०२०च्या २७व्या आवृत्तीपासून ईमॅक्स हे काम हार्फबझ या लायब्ररीकडून करून घेऊ शकतो, त्यामुळे जोडाक्षरं आता सुंदर दिसतात. ऑर्गच्या अलीकडच्या आवृत्त्या मजकूर खरोखर किती पिक्सेल जागा घेतो ते मोजून रुंदी काढतात. हे जास्त बरोबर आहे, आणि नुसती चिन्हं मोजण्यापेक्षा जास्त महागही.

एवढं करूनही रेघ अचूक जुळत नाही, कारण उरलेली जागा भरायला ऑर्गकडे फक्त मोकळी जागा हे चिन्ह आहे, आणि 'ट्टी'ची रुंदी मोकळ्या जागेच्या नेमक्या पटीत असेलच असं नाही. व्हॅलाइन नावाचं एक पॅकेज मजकुराला धक्का न लावता पडद्यापुरती पिक्सेलनिशी रेघ जुळवून देतं. छोट्या तक्त्यात ते देखणं काम करतं. मोठ्या तक्त्यात ते हळू होतं हे त्याच्या कर्त्यालाही ठाऊक आहे, म्हणून ठरावीक आकारापुढच्या तक्त्याला ते हातच लावत नाही.

दुसरी अडचण अंकांची. या लेखात मी ४५० असे देवनागरी अंक लिहितो आहे, पण ऑर्गच्या तक्त्यात असं लिहिलंत तर तो रकाना संख्येचा मानला जाणार नाही. डावीकडेच टेकेल आणि बेरीजही होणार नाही. सूत्रांमधले अंकही इंग्रजीच हवेत. पुढे मी सूत्रं देवनागरी अंकांत दाखवली आहेत ती वाचायच्या सोयीसाठी; फाइलमध्ये उतरवताना अंक बदला. माझी तडजोड अशी: आकडे इंग्रजी अंकांत, सदनिकेचा क्रमांकही इंग्रजीत, आणि मराठी मजकूर फक्त शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात. शेवटच्या रकान्याची उजवी रेघ वेडीवाकडी झाली तरी आधीचे सगळे रकाने सरळ राहतात.

सूत्रं: इथे खरा वेळ जातो

जुळवणीचा त्रास चिडचिडीपुरता असतो. स्क्रीन गोठतो तो सूत्रांमुळे.

ऑर्ग स्वतः गणित करत नाही. ते काम कॅल्क नावाच्या, ईमॅक्समध्येच असलेल्या गणकाकडे जातं. डेव्ह गिलेस्पी यांनी लिहिलेला हा गणक अतिशय ताकदीचा आहे: समीकरणं सोडवतो, अपूर्णांक सांभाळतो, तारखांची वजाबाकी करतो. पण त्याच्याशी बोलायची भाषा मजकुराचीच. 'चौथा रकाना वजा पाचवा' असं तुमचं सूत्र असेल तर प्रत्येक ओळीसाठी ऑर्ग त्या दोन घरांतली अक्षरं उचलून सूत्रात घालतो. '४५०-३२०' असा मजकूर तयार होतो. तो कॅल्ककडे जातो, कॅल्क त्याचा अर्थ लावतो, उत्तर काढतो, उत्तराचा पुन्हा मजकूर करतो, आणि ऑर्ग तो घरात लिहितो. पुढच्या ओळीसाठी परत पहिल्यापासून. एका वजाबाकीसाठी केवढी ही वरात!

पण ही वरात अगदीच फुकट नाही. कॅल्क अपूर्णांकही दशमान पद्धतीत ठेवतो. संगणकात नेहमी वापरली जाणारी द्विमान पद्धत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी करते. कॅल्क ०.३ च सांगतो. रुपये-पैशांच्या हिशेबात हे लहान सुख नाही.

आता माझी चूक सांगतो, कारण मला वाटतं बहुतेकांची तीच असते. मला प्रत्येक नोंदीपुढे आजवरची शिल्लक हवी होती. मी सूत्र लिहिलं: पहिल्या ओळीपासून या ओळीपर्यंतच्या जमेची बेरीज, वजा तेवढ्याच खर्चाची बेरीज. वाचायला अगदी स्वच्छ. पण ते चालवायचं म्हणजे काय? पहिल्या ओळीसाठी एक घर वाचायचं, दुसरीसाठी दोन, शंभराव्या ओळीसाठी शंभर, शेवटच्या ओळीसाठी ७२०. एकूण ७२० गुणिले ७२१ भागिले २, म्हणजे २,५९,५६० घरं. जमा आणि खर्च असे दोन रकाने, म्हणून त्याच्या दुप्पट: ५,१९,१२०. आणि प्रत्येक घर म्हणजे वर सांगितलेली रेघा मोजण्याची कसरत. शिवाय शेवटच्या ओळीसाठी ७२० संख्यांची लांबलचक यादी मजकूर म्हणून कॅल्ककडे जाते ती वेगळी. ओळी दुप्पट केल्या तर काम दुप्पट होत नाही, चौपट होतं. एप्रिलमध्ये न जाणवलेली गोष्ट मार्चमध्ये गळ्याशी का येते, त्याचं उत्तर हे आहे.

कागदावर जमाखर्च लिहिणारा कुणीही असं करत नाही. तो पानाच्या तळाशी बेरीज मांडतो आणि नव्या पानाच्या माथ्यावर 'मागील पानावरून पुढे' असं लिहून तीच रक्कम उतरवतो. पहिल्या पानापासून पुन्हा बेरीज करत बसत नाही. ऑर्गलाही तेच शिकवायचं: कालची शिल्लक, अधिक आजची जमा, वजा आजचा खर्च. शिल्लक सहाव्या रकान्यात असेल तर सूत्र होतं $६ = @-१$६ + $४ - $५. यातलं $ म्हणजे रकाना आणि @-१ म्हणजे वरची ओळ. प्रत्येक ओळीमागे तीन घरं, एकूण २,१६०. पाच लाखांच्या जागी दोन हजार.

यात एक गोम आहे. पहिल्या नोंदीच्या वर शीर्षकाची ओळ असते आणि तिच्यात 'शिल्लक' हा शब्द. त्यात जमा कशी मिळवणार? इथे ऑर्गचा एक नियम कामाला येतो: तक्त्यातल्या पहिल्या आडव्या रेघेच्या वरचं सगळं तो शीर्षक मानतो आणि रकान्याची सूत्रं तिथे लावत नाही. म्हणून शीर्षकाच्या खाली, पण आडव्या रेघेच्या वर, 'मागील शिल्लक' अशी एक ओळ घालून तिथे आरंभीची रक्कम हाताने लिहायची. पहिली नोंद रेघ ओलांडून त्या ओळीतून रक्कम घेते. तळाला मात्र वेगळी बेरजेची ओळ ठेवू नका, नाहीतर शिल्लकेचं सूत्र तिथेही लागून सगळ्या जमेची बेरीज पुन्हा मिळवली जाते. शेवटच्या नोंदीपुढची शिल्लक हीच तुमची अखेरची शिल्लक.

दुसरं मोठं भोक दुसऱ्या तक्त्यातून माहिती आणण्याचं. सदनिकाधारकांची नावं आणि मासिक देणं मी वेगळ्या, साठ ओळींच्या तक्त्यात ठेवलं होतं आणि मुख्य तक्त्याच्या प्रत्येक ओळीत सूत्र लावून सदनिकेच्या क्रमांकावरून नाव शोधत होतो. ऑर्ग दरवेळी तो तक्ता फाइलमध्ये नावाने शोधतो, त्याची रचना वाचतो, मागितलेले रकाने पूर्ण उचलतो आणि मग वरून खाली एकेक क्रमांक ताडून बघतो. दोन रकाने गुणिले साठ ओळी गुणिले ७२० नोंदी, म्हणजे ८६,४०० घरांचं वाचन, आणि तेही कधीच न बदलणाऱ्या नावांसाठी. मी ते सूत्र काढून टाकलं. नाव मुख्य तक्त्यात लागतच नव्हतं. सदनिकेचा क्रमांक पुरेसा होता.

तिसरी गोष्ट क्रमाची. ऑर्गकडे अवलंबित्वाचं जाळं नाही हे वर आलंच. तो ओळीमागून ओळ घेतो आणि आधी रकान्याची सूत्रं, मग एकेकट्या घरांची सूत्रं चालवतो. एखाद्या रकान्याचं सूत्र एखाद्या एकट्या घरावर अवलंबून असेल, तर पहिल्या फेरीत त्याच्या हाती जुना आकडा लागतो. म्हणून ऑर्गमध्ये एक आज्ञा आहे: आकडे बदलायचे थांबेपर्यंत फेऱ्या मारत राहा, जास्तीत जास्त दहा. सोयीची आहे, पण प्रत्येक फेरी म्हणजे पूर्ण तक्ता. काहीही बदल झाला असेल तर किमान दोन फेऱ्या होतातच, कारण आता बदल थांबले हे दुसऱ्या फेरीशिवाय कळत नाही.

या बाबतीत ऑर्ग एकटा नाही. १९७९मध्ये अॅपल-२ वर आलेल्या व्हिसिकॅल्कमध्ये, ज्याच्यापासून संगणकावरच्या तक्त्यांचा हा सगळा जमाना सुरू झाला, गणना आडवी करायची की उभी हे वापरणाऱ्यालाच ठरवावं लागे, आणि क्रम चुकला तर पुन्हा एकदा गणना करायला सांगावं लागे. १९८३च्या लोटस १-२-३ मध्ये अवलंबित्व पाहून क्रम लावायची सोय होती. ऑर्ग त्या बाबतीत अजून व्हिसिकॅल्कच्या घरातला आहे, आणि साध्या मजकुरात राहायचं तर ते समजण्यासारखं आहे: जाळं साठवायला जागाच नाही, आणि फाइल कुणीही, कुठल्याही एडिटरमध्ये, केव्हाही बदलू शकतं.

कुठे दुखतंय ते आधी बघा

उपाय करायच्या आधी ईमॅक्समधला प्रोफाइलर चालवा. तो सुरू करायचा, तक्ता ताजा करायचा, मग अहवाल मागायचा. वेळ कुठे गेला ते टक्क्यांत दिसतं. 'मॅथ' किंवा 'कॅल्क' ने सुरू होणारी नावं वर असतील तर गणकाची वरात जड झाली आहे. घरं शोधणारी आणि पट्टे उचलणारी ऑर्गची फंक्शनं वर असतील तर सूत्रांचा आवाका मोठा आहे. झाडलोट वर असेल तर त्या ८,००,००० ची मर्यादा वाढवून बघा. मी हे न करता महिनाभर नुसत्या सेटिंग बदलत बसलो होतो आणि त्यातल्या एकीचाही खऱ्या दुखण्याशी संबंध नव्हता.

सूत्रांसाठी एक तपासनीसही आहे. तो चालू केला की ऑर्ग प्रत्येक पायरीवर थांबून दाखवतो: मूळ सूत्र काय, त्यात घरांतली अक्षरं घातल्यावर काय झालं, उत्तर काय आलं. पाचशेव्या ओळीवर हे एकदा बघाच. पाचशे आकड्यांची ती यादी डोळ्यांनी पाहिली की सूत्र कुठे बदलायचं हे वेगळं सांगावं लागत नाही.

गणकच जड होत असेल तर सूत्र लिस्पमध्ये, म्हणजे ईमॅक्सच्या स्वतःच्या प्रोग्रॅमिंग भाषेत, लिहिता येतं. सूत्राआधी अवतरणचिन्ह आणि शेवटी अर्धविरामानंतर इंग्रजी मोठा 'एन' लावला की घरांतली अक्षरं संख्या म्हणून थेट लिस्पकडे जातात, कॅल्कची वरात टळते. साध्या बेरीज-वजाबाकीत याने सहसा चांगला फरक पडतो. पण मग दशमान अचूकता गेली हे ध्यानात ठेवा, आणि उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंतच मांडायला सांगा.

ओळ बदलली की सूत्र आपोआप चालावं म्हणून ओळीच्या सुरुवातीला खूण करायची सोय आहे. छोट्या तक्त्यात ती सुखाची असते. मोठ्या तक्त्यात मी ती सगळीकडून काढली. चालू ओळीपुरतं सूत्र चालवायची वेगळी कळ आहेच. पूर्ण तक्ता महिन्यातून एकदा ताजा केला तरी चालतं.

आणि सगळ्यात मोठा फरक पडला तो तक्ता तोडल्यामुळे. आता महिन्याला एक तक्ता, ६० ओळींचा. माझं जुनं भाबडं सूत्र तसंच ठेवलं असतं तरी एका रकान्यासाठी महिन्याला ६० गुणिले ६१ भागिले २, म्हणजे १,८३० घरं. बारा महिन्यांची मिळून २१,९६०. पूर्वी हाच आकडा २,५९,५६० होता. वर शिल्लक पुढे न्यायची पद्धत लावल्यावर तर मोजायलाही काही उरलं नाही. वर्षअखेरीचा तक्ता बारा ओळींचा आहे आणि तो प्रत्येक महिन्याच्या तक्त्यातून एकेकच रक्कम उचलतो. दुसऱ्या तक्त्यातून आणायची सोय आहे ती अशा कामासाठी: बारा वेळा, सातशे वीस वेळा नाही.

काही माहिती मात्र मुळातच तक्त्यात बसवायची नसते. पाण्याच्या मीटरच्या रोजच्या नोंदी आल्या तेव्हा मी ऑर्गचा हट्ट धरला नाही. साठ मीटर, ३६५ दिवस, म्हणजे २१,९०० ओळी. त्या स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या फाइलमध्ये राहतात. तीही मजकूरच आहे, तीही पंचवीस वर्षांनी उघडेल, फक्त कुणी तिच्या रेघा सरळ करत बसत नाही. ऑर्गच्या फाइलमध्ये एक छोटा कोडचा तुकडा आहे. तो ही फाइल एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये चढवतो, सदनिकेवार महिन्याचा वापर विचारतो, आणि आलेलं साठ ओळींचं उत्तर त्याच पानावर तक्ता म्हणून मांडतो. त्याच्या खाली मी हाताने शेरा लिहितो: कुठल्या सदनिकेचा वापर अचानक वाढला, कुठे नळ गळतो का ते बघायला कुणाला पाठवलं. सभेच्या आदल्या दिवशी तेवढंच पान छापून घेतो.